पान उलटून बघणारे आप्पा

आप्पांनी कुठल्याही झाडाकडे सरळ समोरून बघितलेलं मला आठवत नाही. कुणाच्या घरी जावोत, बँकेत जावोत की लग्नाच्या हॉलमध्ये, दाराशी ठेवलेल्या कुंडीपाशी ते आधी थांबायचे. एक हात गुडघ्यावर टेकून वाकायचे आणि दोन बोटांत एक पान धरून हलकेच उलटं करायचे. मग शर्टाच्या खिशातून सोनाराचं भिंग निघायचं. ते डोळ्याच्या खोबणीत बसवून आप्पा पानाच्या पाठीवर असे काही गुंग व्हायचे की मागून येणारा माणूस हमखास विचारायचा, "काका, काय पडलं का तुमचं?" आप्पा मान वर न करता सांगायचे, "पडलं न्हाई. चढलंय."

चढलेले असायचे ते कोळी. भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणतो त्या कोळ्याचेच हे लांबचे भाऊबंद, पण टाचणीच्या टोकाहून लहान. कुणी लाल, कुणी पिवळट. पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषतात. वरून बघणाऱ्याला फक्त पानावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात, आणि त्याला वाटतं पाणी कमी पडलं असेल किंवा धूळ बसली असेल. डोळ्यांना जाळी दिसू लागते तोवर झाड निम्मं गेलेलं असतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये, बंद खोलीत, पंख्याखाली ठेवलेल्या झाडावर त्यांची जी भरभराट होते तशी दुसरीकडे कुठे होत नसेल.

आप्पा आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. तिकडच्या पुष्कळ माणसांप्रमाणे मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर घर सोडून गेले आणि सारा जन्म तामिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात काढला. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून, ॲसिडमध्ये घालून त्यातलं सोनं शुद्ध करणं. डोळ्यावरचं भिंग त्या धंद्यातलं. काकू गेल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून ते सांगलीला आले आणि हॉल, गॅलरी, स्वयंपाकघराची खिडकी, सगळं कुंड्यांनी भरून टाकलं. बोलणं अस्सल विट्याकडचं. फक्त एक शब्द सेलमचा चिकटून आला होता. कुणी चुकून धक्का दिला, उशिरा आलं, कप फोडला, की आप्पा म्हणायचे, "परवाइल्ले." असू दे, चालतंय, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांच्या तोंडून ऐकला की चूक केलेला माणूस खरोखर सैल व्हायचा.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती वाहनतळात, आणि ती काही गोड नव्हती. मी नऊ वर्षं एका खासगी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. शाळेनं मराठी तुकड्या बंद केल्या तेव्हा आम्ही चौघीजणी घरी बसलो. घरी बसून मी एक धंदा काढला. दवाखाने, ऑफिसं यांना शोभेची झाडं भाड्यानं द्यायची, दर आठवड्याला जाऊन निगा राखायची, एखादं मरगळलं तर बदलून दुसरं ठेवायचं. पहिलं मोठं काम मिरजेतल्या एका छातीच्या दवाखान्याचं मिळालं होतं. तिथल्यासाठी नर्सरीतून आणलेले अरेका पाम मी टेम्पोतून उतरवून घेत होते. आप्पा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी एक पातं उलटलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "बाई, ही आजारी हायत."

"आप्पा, आजच आणलीत. हिरवीगार आहेत की."

"हिरवीच हायत. अजून पंधरा दिवस हिरवीच दिसतील. येगळी ठिवा, दुसऱ्या झाडांत मिसळू नका."

मला राग आला. नऊ वर्षं मुलांना पानाचा छेद शिकवलेल्या बाईला कुणी येऊन पान दाखवावं, हे मनाला लागलं. मी "बरं" म्हणून हसले आणि निम्मी झाडं दवाखान्यात पोचवली, निम्मी आमच्या मागच्या खोलीत माझ्या इतर झाडांच्या शेजारी ठेवली.

बरोबर पंधरा दिवस नाही, अठरा लागले. पाती तांबूस पडायला लागली. मग क्रोटनवर ठिपके आले, मग सासूबाईंच्या जास्वंदीवर. मी मोबाईलवर बघून उपाय सुरू केले. कपड्यांच्या पावडरीचं पाणी मारलं, त्यात व्हिनेगर घालून मारलं. लसूण-मिरची वाटून मारली, तेव्हा घरभर सगळे शिंकत होते. पावडरीच्या पाण्यानं कोळी थोडे मेले असतील, पण पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. माझी झोप उडाली. दवाखान्यातली झाडंही त्याच वाटेवर असणार हे मला कळत होतं आणि मी तिकडे जायचं टाळत होते.

तासगावला माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे. द्राक्षाला लाल कोळ्याचा त्रास असतोच. मी भावोजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, आपल्याकडं एक नंबर औषध आहे. बाटलीच पाठवतो." बाटली आली. त्याचं प्रमाण एकरावर लिहिलेलं होतं, माझी तर एक खोली. मी अंदाजानं औषध ओतलं, जरा जास्तच, म्हणजे एकदाच निकाल लागेल. फवारा दुसरीकडे उडू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि सकाळी दहाच्या सुमाराला खोलीभर फवारलं.

शेजारच्या खोलीत सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. पाच-सात मिनिटांत त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. ठसका थांबेना. डोळ्यांतून धार लागली, मग छातीत भरून आल्यासारखं त्या हातवारे करायला लागल्या. मला काही सुचेना. मी त्यांची पाठ चोळत राहिले आणि माझ्या हाताला त्याच औषधाचा वास येत होता.

वास जिन्यात गेला असणार. दार वाजलं, ते उघडंच होतं, आणि आप्पा आत आले. विचारपूस केली नाही. एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. सासूबाईंना दंडाला धरून उठवलं, "चला वैनी, खाली माज्या गॅलरीत वारं हाय," म्हणत सावकाश जिना उतरवला. मग मागे वळून मला म्हणाले, "साबणानं हात-तोंड धुवा. कापडं बदला. बाटली पिशवीत घाला आन् डॉक्टरकडं जावा. बाटली दाखवल्याशिवाय त्याला तरी काय कळणार?"

डॉक्टरांनी बाटली वाचली, सासूबाईंना वाफारा दिला, दुपार सरेपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. संध्याकाळी आम्ही परतलो तर आमची मागची खोली रिकामी होती. वॉचमनला हाताशी धरून आप्पांनी सगळ्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या होत्या आणि खोलीची फरशी दोनदा पुसून घेतली होती. ते स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून खोकत होते. तो खोकला मी तेव्हा धुळीचा समजले.

मी रडायला लागले. म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं."

"परवाइल्ले," ते म्हणाले. थोडा दम खाऊन पुढे म्हणाले, "ह्ये वावरातलं औषध हाय बाई. वावराला छप्पर नसतंय. फवारलं की वारं घिऊन जातंय. तुमी छपराखाली मारलं, त्ये जाणार कुटं? माणसाच्या छातीत."

त्याच पायरीवर त्यांनी मला सेलमची गोष्ट सांगितली. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, खिडकी नाही. सोनं ॲसिडमध्ये पडलं की पिवळा-तांबडा धूर उठायचा. सुरुवातीला डोळे झोंबायचे, मग सवय झाली. काकूंनी हौसेनं उंबऱ्याशी तुळस लावली होती. तिची पानं कडेनं करपायची. काकूंनी तीनदा तुळस बदलली आणि तिसरीही करपायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, ही हितं जगंना झालीय. तुमी कसं जगताय?"

"तवा मला कळलं," आप्पा म्हणाले. "पर कळून काय केलं? तुळस आत घरात नेली आन् मी दुकानातच ऱ्हायलो. आनि बावीस वर्सं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर आले आणि माझी शाळा सुरू झाली. पहिला धडा पांढऱ्या कागदाचा. पानाखाली कोरा कागद धरायचा, पानाला टिचकी मारायची आणि बघत राहायचं. "घाई न्हाई करायची. हलतंय त्यो कोळी, हलत न्हाई ती धूळ." मी बघत राहिले. कागदावरचे ठिपके एकेक करून चालायला लागले. नऊ वर्षांच्या नोकरीत मी मुलांना असं काही दाखवलं नव्हतं.

दुसरा धडा पाण्याचा. औषधाला हात लावायच्या आधी प्रत्येक झाडाला अंघोळ. मातीवर प्लॅस्टिक बांधायचं, कुंडी आडवी करायची आणि पानांच्या पाठीवर पाण्याची जोरदार धार. निम्मे कोळी तिथंच वाहून जातात. "हितं फुकट काम हुतंय तर हितंच करायचं," असं ते म्हणायचे. फार खराब झालेली पाती कापून पिशवीत बांधून टाकायची. कचऱ्याच्या डब्यात मोकळी टाकली तर कोळी पुन्हा घर शोधतात.

मग फवारा. सोनं तोलणाऱ्या माणसाचं माप होतं ते. एक लिटर कोमट पाणी. निंबोळीचं तेल एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली, तेही औषधाच्या टोपणानं मोजून. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून अगोदर त्यात अगदी थोडा पातळ साबण घोटायचा. साबण साधा हवा, कपड्यांची पावडर नको. "कापडाची पावडर मळ काडतीया. पानाच्या अंगावर मळ नसतोय, मेण असतंय. त्येच काडलंत तर पान उघडं पडंल." मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस वाट बघायची. पान नीट राहिलं तरच सगळ्या झाडावर, तेही ऊन उतरल्यावर, आणि पानाच्या पाठीवर, ठिबकेपर्यंत.

"मग मेले सगळे?" मी पहिल्या फवारणीनंतर विचारलं.

"हायत ती मेली. अंडी हायत की."

तेल-साबणानं अंडी सगळी मरत नाहीत. आठवड्याच्या आत ती फुटतात. म्हणून दर सहाव्या दिवशी, निदान तीन वेळा. माणसं कुठे चुकतात हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या फवारणीनंतर झाड बरं दिसतं, मग दुसरीला कंटाळा येतो, आणि तिसरी कुणी करतच नाही. ते म्हणायचे, "पैली फवारणी बगून केल्याली असती. दुसरी-तिसरी इस्वासानं करावी लागती." मी आज माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या बायकांना हेच वाक्य सांगते, विट्याच्या चालीसकट.

यावरून कुणाला वाटेल की ते घरगुती औषधाचे भक्त होते. तसं मुळीच नव्हतं. "घरचं म्हंजी गरीब आन् दुकानातलं म्हंजी इख, आसं कुटं लिवलंय?" ते विचारायचे. लसणीच्या पाण्यानं भाजलेली पानं त्यांनी पुष्कळ बघितली होती. घरातल्या झाडांसाठी म्हणून तयार फवारा मिळतो तो ते स्वतः वापरायचे, फक्त विकत घेताना दुकानात उभं राहून भिंगानं त्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचायचे. घरात वापरायला चालतं का, कशावर चालतं, किती दिवसांनी परत मारायचं. एकदा मी बरोबर होते. शेतीऔषधांच्या दुकानदारानं "कोळी ना, हे घ्या, सगळे किडे साफ" म्हणून एक बाटली पुढे केली. आप्पांनी ती वाचून परत दिली.

"ह्ये किड्याचं हाय. किड्याला पाय सा. कोळ्याला आठ."

दुकानदार हसला. "पायानं काय फरक पडतोय आप्पा?"

"ह्यानं कोळी मरत न्हाई. कोळ्याला खाणारं किडं तेवढं मरत्यात. मग कोळ्याला मोकळं रान. कोळीनाशक आसं लिवल्यालं दाव, आन् घरात चालतंय आसं लिवल्यालं दाव."

दुकानदारानं दहा मिनिटं शोधलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की दोन्ही लिहिलेलं त्याच्याकडे नाही. आप्पा म्हणाले, "परवाइल्ले. मागवून ठिव." त्यानं खरंच मागवून ठेवलं.

त्यांच्या हॉलमध्ये दारासमोर एक क्रोटन होता, अर्धा झडलेला, उरलेल्या पानांवर तपकिरी डाग. एवढ्या देखण्या झाडांत ते मध्येच का, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "ती माजी चूक हाय. आल्यागेल्याला दिसावी म्हणून ठिवलीया." निंबोळीचं तेल मारल्यावर चौथ्याच दिवशी, भर मे महिन्यात, त्यांनी त्यावर गंधक फवारलं होतं. तेल आणि गंधक एकापाठोपाठ पडलं की पान जळतं, आणि उन्हाळ्यात तर नक्कीच. स्वतः वाचलेलं होतं, तरी घाई केली. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी त्या क्रोटनपाशी उभं करायचे.

राहिला होता मिरजेचा दवाखाना. मी ठरवलं की रविवारी तो बंद असताना जायचं, किल्ली मागून घ्यायची, गुपचूप फवारायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही. पहिलंच गिऱ्हाईक, त्यांना रोगट झाडं दिली हे कोणत्या तोंडानं सांगणार? आप्पांना हा बेत सांगितला तर त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "छातीचा दवाखाना हाय त्यो. तितं माणसं श्वास मागाया येत्यात. तितं तुमी न सांगता फवारणार?"

"साधं तेल-साबणच तर आहे, आप्पा."

"आसू दे की. त्येंच्या हवेत काय जातंय, त्ये त्येस्नी ठावं पायजे. चला, मी येतो."

दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिना चढताना आप्पा दोनदा थांबले. दुसऱ्यांदा ते वळणावरच्या कुंडीतलं झाड बघत उभे राहिले. डॉक्टर मॅडम खालून येत होत्या, त्यांनी आम्हाला ओलांडलं आणि वर गेल्या. मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. झाडं आली तेव्हाच आजारी होती, मला सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग विचारलं, "आता इथं काय फवारणार?"

उत्तर आप्पांनी दिलं. "हितं काय बी न्हाई. झाडं घिऊन जातो, तिकडं बरी करतो. तीन फवारण्या. साफ झाली की आणतो, न्हाई झाली तर आणत न्हाई."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याशी आणखी काहीतरी बोलतील, रागावतील, म्हणून मी मान खाली घालून बसले होते. पण त्या आप्पांकडे बघत होत्या. "आजोबा, तुम्ही जिन्यात दोनदा का थांबलात?"

"झाड बगत हुतो."

"जिन्यातलं झाड प्लॅस्टिकचं आहे."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "झाडांचं ठरलं. आता तुमची छाती बघू द्या."

फोटो काढले, फुंकर मारायची तपासणी झाली. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती, बऱ्याच वर्षांपासून. मॅडमनी सरळ सांगितलं की झालेलं परत फिरणार नाही, पुढचं सावकाश करता येईल. आप्पांनी त्यांना नमस्कार केला, रिक्षात बसले आणि सांगलीत आमचं विश्रामबाग येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "पोराला कळवू नका."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. म्हणाले, "आप्पा, मला दवाखान्यात न सांगता फवारू दिलं नाहीत. तुमचा मुलगा त्याच खोलीत बसतो ना? त्याच्या हवेत काय जातंय, ते त्याला माहीत नको?"

रिक्षा इमारतीपाशी थांबली तरी उतरले नाहीत. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "लावा. मला आकडं दिसंनात." त्यांना पानाच्या पाठीवरचं अंडं दिसायचं. डोळे भरून आले होते, म्हणून आकडे दिसत नव्हते.

मुलगा चौथ्या दिवशी सेलमहून आला. वडिलांना तिकडे चला म्हणाला. आप्पांनी नकार दिला, पण एक अट घातली. दुकानाची मागची भिंत फोडायची, खिडकी पाडायची, ॲसिडच्या भांड्यावर धूर ओढून नेणारा पंखा आणि नळी बसवायची, मगच दुकान उघडायचं. मुलगा म्हणाला, "आप्पा, जागा भाड्याची हाय." आप्पा म्हणाले, "छाती तुजी सवताची हाय." दोन महिन्यांनी मोबाईलवर फोटो आला. भिंतीत चौकोनी उजेड पडला होता. आप्पांनी तो फोटो इमारतीतल्या प्रत्येक माणसाला दाखवला, वॉचमनला दोनदा.

दवाखान्यातली झाडं साडेतीन आठवड्यांनी मी परत नेऊन ठेवली, एक सोडून. ते एक तिसऱ्या फवारणीनंतरही संशयाचं वाटलं, म्हणून आप्पांनी अडवलं. मॅडमनी झाडं बघितली, नंतर आणखी दोन ओळखीच्या दवाखान्यांत माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्याचं मला नंतर कळलं, "ही बाई झाड आजारी असलं तर सांगते." माझा धंदा त्या एका वाक्यावर उभा राहिला.

आप्पा त्यानंतर पावणेदोन वर्षं होते. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, नाकाला नळी लागली. ते नळीसकट हॉलमध्ये बसायचे आणि रविवारी सकाळी आसपासच्या बायका आपापलं पान घट्ट बंद पिशवीतून घेऊन यायच्या. उघडं पान कुणी आणलं तर दारातूनच परत. वाकणं बंद झाल्यावर त्यांनी कुंड्या टेबलावर चढवून घेतल्या. फवारणी मात्र ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. एक पान करायचे, थांबायचे, दुसरं पान. एका झाडाला सकाळ जायची. मी म्हटलं, "द्या इकडं, मी करते." तर म्हणाले, "तुमची झाडं तुमी करा. मला कुटं जायाचंय?"

शेवटचे आठ दिवस ते मिरजेला होते, मॅडमच्याच देखरेखीखाली. मी रोज जायची. बोलायला त्रास व्हायचा म्हणून मीच काही ना काही सांगायची. एका बँकेचं काम मिळालं होतं, ते सांगितलं. त्यांनी हातानं मला जवळ बोलावलं आणि प्राणवायूचा मास्क बाजूला करून म्हणाले, "पंख्याखाली ठिवू नका." मी म्हटलं, "नाही ठेवणार." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाचा फोन आला.

गावाकडे, विट्याजवळ सगळं झालं. मुलानं तळमजल्यावरचं घर आवरलं, झाडं मागेल त्याला दिली आणि सेलमला परतला. मी माझ्या कामाला लागले. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन तापायला लागलं होतं, कोळ्यांचे दिवस जवळ येत होते.

अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे वयस्क बाईचा आवाज, तमिळ वळणाची मोडकी हिंदी. सेलमहून बोलत होती. आप्पांच्या दुकानाशेजारी तिच्या नवऱ्याचं सोनाराचं दुकान. तिच्या घरात मोगऱ्याच्या कुंड्या आहेत आणि आप्पा तिकडून आल्यापासून दर उन्हाळ्यात ती त्यांना फोनवर विचारून फवारा करते, हे मला तेव्हा कळलं. आप्पा गेल्याचं तिला ठाऊक होतं. मुलानंच सांगितलं होतं. तरी यंदा पानं पिवळी पडायला लागली म्हणून तिनं जुना कागद काढला होता, आप्पांनी शेवटच्या फोनवर तिला लिहून घ्यायला लावलेला.

"आप्पा बोले, अब मेरे से बात नहीं होता," ती म्हणाली. "ये नंबर लिखो. सांगली में मेरा बेटी है. उसको पूछना."

दोन वर्षांत त्यांनी मला बाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मी नंबर लावताना घोटाळा झाला असेल म्हणून तिला कागदावरचा नंबर परत वाचायला सांगितला. तिनं एकेक आकडा सावकाश वाचला. माझाच होता.

मग तिनं जरा साशंक आवाजात विचारलं, "आप बेटी है ना?"

"हाँ," मी म्हटलं, "बेटी बोल रही हूँ. बताइए, पत्ते को क्या हुआ?"